चाकासाठी वाकवलेल्या बाभळी

आमच्या भागात बाभळीचा भाव कापूस ठरवायचा. आता कोणाला सांगितलं तर हसतील, पण पन्नासच्या दशकात बाळापूर-अकोल्याकडे ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. दिवाळीनंतर कापसाला बरा भाव निघाला, की शेतकऱ्याला पहिली आठवण व्हायची ती आपल्या खिळखिळ्या झालेल्या बंडीची. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. मग सुताराकडे गर्दी व्हायची आणि सुतार बाभळीच्या शोधात गावोगाव फिरायचे. साग धारणीकडून, मेळघाटातून यायचा, पण तो दारं-खिडक्यांसाठी आणि पैसेवाल्यांच्या माड्यांसाठी. काळ्या चिखलातून, नाल्याच्या उतारावरून कापसाचं ओझं ओढायचं, तर चाक बाभळीचंच हवं. कापसाचा भाव पडला त्या साली मात्र लोक जुन्या चाकात एखादा आरा बदलून भागवत, आणि बाभळीकडे कुत्रंही ढुंकून पाहत नसे.

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठाने, माझ्या वडिलांचं बाभळीचं बन होतं. जमीन खारपाणपट्ट्यातली. विहिरीचं पाणी असं मचूळ, की पाहुणा पहिला घोट घेऊन तांब्या खाली ठेवायचा आणि आमच्याकडे जरा संशयाने पाहायचा. नाल्याकाठच्या त्या तुकड्यात ना ज्वारी धड यायची ना कापूस. बाभूळ मात्र न विचारता यायची. शेजारच्यांनीही बाभळी राखल्या होत्या, पण त्या आपल्या वाटेल तशा वाढलेल्या. आमच्या बाबांच्या बाभळींना शिस्त होती, आणि ती शिस्त म्हणजे वाकडेपणा.

चाकाचा गोल अखंड लाकडाचा नसतो. कमानीसारखे वाकलेले तुकडे एकमेकांना जोडून तो करतात. त्या तुकड्यांना पुठ्ठे म्हणत. सरळ लाकडातून पुठ्ठा कापला तर लाकडाची रेघ आडवी तुटते आणि दगडावर आदळलं की तो उकलतो. मुळातच वाकलेल्या खोडातून काढलेला पुठ्ठा बापजन्मी फुटत नाही. त्यामुळे सुतार झाडाकडे पाहून म्हणायचे, "याच्यात चाक हाये," किंवा "याच्यात नाई." ज्या झाडात चाक असेल त्याला सरळ झाडाच्या दुप्पट भाव मिळायचा. बाबांनी तरुणपणी हे बाळापूरच्या बाजारात पाहिलं आणि घरी येऊन ठरवलं, की आपण नशिबावर सोडायचं नाही, आपणच झाडात चाक घालायचं.

मनगटाएवढी झालेली बाभूळ ते अंबाडीच्या दोरीने ओढून वाकवत आणि दोरीच्या टोकाला नाल्यातला गोटा टांगत. जवळ एक जुना, मोडका पुठ्ठा असे. तो खोडाला लावून वाक बरोबर पडतो आहे का ते पाहत. दर उन्हाळ्यात दोऱ्या सैल करून जागा बदलायच्या, नाहीतर साल कापली जाते. माझं बालपण या दोऱ्या वळण्यात गेलं. दुसऱ्या मुली सागरगोटे खेळायच्या, मी मांडीवर अंबाडी वळायची. माझ्या मांडीची कातडी त्या वयातच राठ झाली होती आणि मला त्याचा उगीचच अभिमान होता.

गावाने त्या बनाची यथेच्छ टिंगल केली. लोक म्हणायचे, "याच्या बाभळी येणाऱ्या-जाणाऱ्याले नमस्कार करून राहिल्या." बाबा उलट बोलत नसत. त्यांचा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा आणि एकदा ठरवलं की न हलण्याचा. आमची माय याला हट्ट म्हणायची, आणि हा गुण मला त्यांच्याकडूनच आला असंही वर ऐकवायची.

बन मला फार आवडायचं. पावसाळा सरताना पिवळ्या गोंड्यांनी ते भरून जायचं, नाल्यावर वाकलेल्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबायचे, बुंध्यांवर डिंक फुटायचा. तो खरवडून खाताना दातांना चिकटला की बोलता यायचं नाही, आणि माय म्हणायची, "बरं झालं, घडीभर शांतता." काटे तर इतके, की आमच्या घरी सुई हरवली तरी काटा काढायचं काम अडत नसे. आज मी अमरावतीला राजापेठेत राहते. आमच्या घराजवळ लाकडाचं एक दुकान आहे, सगळ्या फळ्या एकसारख्या, रंधलेल्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. तिथून जाताना मी अजूनही एखादा वाकडा ओंडका शोधते. दुकानदाराला वाटतं, बाईंना कपाट करायचं असेल.

घरात एक बोलणं मी कळायला लागल्यापासून ऐकत आले होते. "बन इकलं की पोरीले अकोल्याले शिकाले ठेवू." मी बाळापूरला मामाकडे राहून मॅट्रिक झाले. मला शिक्षिका व्हायचं होतं, आणि ट्रेनिंगचं कॉलेज अकोल्याला. तिथे मुलींचं बोर्डिंग होतं, पण बोर्डिंगला खर्च होता, आणि आमच्या शेताचं उत्पन्न सगळ्यांच्या पोटाला जेमतेम पुरायचं. म्हणजे माझं शिक्षण त्या बाभळींमध्ये उभं होतं. बन विकलं गेलं नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. मूर्तिजापूरकडचं एक स्थळ होतं. माणसं चांगली होती, मुलगाही बरा होता. वाईट सांगण्यासारखं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. त्यांना होय म्हटलं असतं, तर शिकणं तिथेच संपलं असतं.

मी मॅट्रिक होण्याच्या काही वर्षं आधी बाळापूरचा एक सुतार बनात आला होता. कापसाचं साल चांगलं गेलं होतं. त्याने झाडांना कवेत घेऊन पाहिलं, वाकावर हात फिरवला, आणि सगळं बन एकदम मागितलं. भाव ऐकून मायचे डोळे मोठे झाले. बाबा म्हणाले, "गाभा भरला नाई अजून. दोन-चार सालं थांब." सुताराने खूप समजावलं. बाबांचं म्हणणं, की कच्च्या गाभ्याचं चाक दिलं तर उद्या चाक मोडलेला माणूस सुताराला नाही, झाड वाढवणाऱ्याला शिव्या देईल. सुतार गेला. माय रात्रीच्या भाकरी जरा जोरातच थापत होती एवढं आठवतं.

बाभळींचा गाभा भरेपर्यंत बाजार पालटला. आधी जिनिंगवाल्यांकडे रबरी चाकांच्या गाड्या आल्या, मग मोठ्या शेतकऱ्यांकडे. चाकं तयार मिळायची, दोन चाकांमधला आख लोखंडाचा, वर सरळ फळ्यांची पेटी ठोकली की गाडी झाली. तीच बैलजोडी दुप्पट ओझं ओढायची. बाळापूर-अकोला सडकेवर डांबर पडलं आणि धावेची, म्हणजे वरून लोखंडी पट्टी चढवलेली, चाकं डांबर उकरतात म्हणून सडकेची देखभाल करणारे लोक डाफरायला लागले. आधी आम्हाला हे सगळं दूरचं वाटलं. एका वर्षी कापसाला चांगला भाव आला, बाबांनी बनातली वाट साफ करून ठेवली, आणि एकही सुतार आला नाही.

मी मॅट्रिक झाले त्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांनी चार निवडक बाभळी तोडल्या, बंडीत घातल्या आणि अकोल्याला निघाले. मीही हट्टाने बरोबर गेले. माझं काय ते ठरणार आणि मी घरी चुलीपुढे बसून राहणार, हे मला जमण्यासारखं नव्हतं. कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत चाकं करणाऱ्यांची रांगच होती. एका म्हाताऱ्या सुताराला बाबा ओळखत होते. तो एका रबरी गाडीला फळ्या ठोकत बसला होता. बाबांनी ओंडका त्याच्यापुढे ठेवला. म्हाताऱ्याने हातोडी बाजूला ठेवली, ओंडका मांडीवर घेतला आणि वाकावरून अंगठा फिरवला.

"असा माल म्या जिंदगीत नाई पायला," तो म्हणाला. "कसं केलं हे?"

बाबांनी दोऱ्या-गोट्यांचं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्या आधी ऐकलं नव्हतं. म्हातारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "माल पायण्यासारखा हाये भाऊ. घेण्यासारखा नाई राह्यला आता."

मग आम्ही लाकूड कापायच्या आरा मशीनवर गेलो. तिथे धारणीकडचा सरळसोट साग रचून ठेवलेला होता. मालकाने बंडीत नुसतं डोकावलं. "टेढा है पूरा. मशीनपर चढताच नै," तो म्हणाला. "सीधा रहता तो आपन फळ्या पाडल्या असत्या. जलाऊच्या भावात देतो का, बोल." जलाऊ म्हणजे सरपण. बाबांनी बैलांची तोंडं फिरवली.

परत येताना डांबरावर आमच्या बंडीच्या धावा खडखडत होत्या. मागून एक रबरी गाडी आली. तिचा आवाज असा नव्हताच, फक्त बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या आणि ती आम्हाला ओलांडून पुढे गेली. वर कापूस एवढा लादला होता, की गाडीवान दिसत नव्हता. बाबांनी त्या चाकांकडे बराच वेळ पाहिलं. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटत होतं आणि स्वतःबद्दलही, आणि त्यातलं कुठलं जास्त ते कळत नव्हतं. वीस वर्षं एखाद्या माणसाने झाडं वाकवावीत आणि ती मनासारखी वाकल्यावर जगाला सरळ लाकूड हवं व्हावं. बाबांच्या झाडांत काहीच कमी नव्हतं.

घरी आल्यावर मायने सगळं ऐकलं आणि जेवणं होईपर्यंत दम धरला. मग तिने सरळ विषयाला हात घातला. "सरपनाच्या भावात तं सरपनाच्या भावात. इकून टाका."

"चाकाचं लाकूड चुलीत नाई घालत," बाबा म्हणाले.

हे त्यांचं जुनं बोलणं. आमच्या चुलीत कापसाची पऱ्हाटी जळायची, तुरीच्या तुऱ्हाट्या जळायच्या, गोवऱ्या जळायच्या. बाभळीची वाळकी काटकी चालायची, पण खोडाचा ढलपाही चुलीपाशी गेलेला त्यांना खपत नसे.

"मंग काय करता? पूजा करता का?" माय म्हणाली. "तुमाले पोरगी शिकवाची हाये का बाभळी पोसाच्या हायेत? एक काहीतरी सांगा. मूर्तिजापूरवाल्यायचा निरोप येऊन पडला हाये."

बाबा उठून बाहेर गेले. मायने पुढे जे केलं त्याची आमच्या घरात कोणी कल्पना केली नसती. ती बाई बाळापूरच्या पलीकडे कधी एकटी गेली नव्हती. दोन दिवसांनी तिने मला तयार व्हायला सांगितलं, आपलं ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसली, आणि आम्ही दोघी प्रवाशांच्या मोटारीने अकोल्याला गेलो. रस्ताभर तिने खिडकीची दांडी घट्ट धरून ठेवली होती. बोर्डिंगच्या मुख्य बाईंपुढे ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, जवारी आमी देऊ. पैशे आमच्यापाशी नाईत. पन लाकूड हाये. तुमच्या चुलीले लाकूड लागत असन ना?"

खेड्यातल्या मुलींच्या घरून बोर्डिंगात ज्वारी, तूरडाळ यायची. ती खर्चात धरायची पद्धत होती. लाकडाचं कोणी विचारलं नव्हतं. इतक्या मुलींचा स्वयंपाक लाकडावर व्हायचा आणि वखारवाला ओलं लाकूड माथी मारायचा, त्यामुळे बाई रोज वैतागलेल्या असायच्या. हे आम्हाला नंतर कळलं. त्या म्हणाल्या, "वाळलेलं आणाल? दर महिन्याला?" माय म्हणाली, "हाडासारखं वाळलेलं आनू."

घरी येऊन तिने बाबांना सांगितलं. परवानगी विचारली नाही, नुसतं सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहून एकच प्रश्न केला. "तुले जायाचंच हाये ना?" मी म्हटलं, "हो." ते बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुऱ्हाड घेऊन बनात गेले. मी मागोमाग गेले. पहिल्या झाडापाशी त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि आधी दोरी सोडली. टांगलेला गोटा दोन्ही हातांनी उतरवून बाजूला ठेवला. झाड तर आता तोडायचंच होतं, गोटा आपोआप पडला असता. तरी प्रत्येक झाडाची दोरी त्यांनी अशीच आधी सोडली आणि मगच घाव घातला. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. बाबा म्हणाले, "काहून रडतं? झाड तं तोडासाठीच लावते मानूस."

उन्हाळाभर लाकूड वाळलं. पावसाळ्याच्या तोंडाशी मी बोर्डिंगात राहायला गेले, आणि मग दर महिन्याला बाबांची बंडी अकोल्याला येऊ लागली. पहाटे निघायचे, दिवेलागणीच्या आधी पोचायचे. मागच्या अंगणात लाकूड रचून द्यायचे, मला डोळे भरून पाहायचे, मायने दिलेला चिवड्याचा नाहीतर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा हातात ठेवायचे, आणि बाजारात बंडी सोडून तिच्याखालीच झोपायचे. बोर्डिंगच्या बाई दर वेळी जेवायला थांबा म्हणायच्या. बाबा दर वेळी हात जोडायचे. "नाई बाई. तो लेकरायच्या वाटचा घास हाये." शिदोरी सोडून बंडीपाशीच खायचे.

बोर्डिंगातली स्वयंपाकीणबाई तोंडाने फटकळ होती. पहिल्याच खेपेनंतर तिने सगळ्या मुलींसमोर आरडाओरडा केला. "कोण्या येड्यानं हे लाकूड आनलं? सारं कमानीवानी. चुलीत घातलं तं अर्धं बाहेर येते." मीही कमी नव्हते. मी तिला म्हटलं, "माह्या बानं आनलं. आन ते चुलीसाठी वाकवलेलंच नाई." मग तिथेच, भांडी घासायच्या ओट्याजवळ उभं राहून, मी तिला दोऱ्या, गोटे, पुठ्ठे, चाक सगळं सांगितलं. भोवती मुली जमल्या. सांगता सांगता माझा राग गेला आणि तिचाही. ती हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाली, "सांगाले नोको होतं बाई तू. आता जाळतानी हात थांबन माहा." पण जाळलं तिने. जाळणं भागच होतं, आणि पुढच्या खेपेपासून बाबा लाकूड आखूड तोडून आणू लागले.

दोन वर्षं मी त्या आचेवर शिजलेलं खाल्लं. सुट्टीत घरी जायची तेव्हा बन दर वेळी विरळ झालेलं दिसायचं. आधी मध्यभागी उजेड पडला, मग नाला घरातून दिसू लागला. सुगरणींनी खोपे शेजारच्या शेतात हलवले. माय म्हणायची, हवा छान येते आता. बाबा त्या जागेकडे जायचे टाळत, बैल पाण्यावर नेतानाही लांबून वळसा घालत. गावातले लोक विचारायचे, एवढं जपलेलं बन गेलं कुठे? सरपणाला दिलं म्हणायची त्यांना लाज वाटायची. ते काहीतरी पुटपुटून विषय टाळायचे. मला तिथे अवघडल्यासारखं व्हायचं. माझं पुस्तक पुढे सरकत होतं तसं त्यांचं रान मागे सरकत होतं.

शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यात ते शेवटची बंडी घेऊन आले. बंडी अर्धीच भरली होती. लाकूड रचून झाल्यावर त्यांनी हात झटकले आणि बाईंना म्हणाले, "संपलं आता." बाई म्हणाल्या, "मुलीचं शिक्षणही संपलं. आज तरी जेवून जा. आज नाही म्हणू नका." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा काय म्हणत होता ते त्यांना दिसलं असावं. ते चुलीपुढे पाटावर बसले.

स्वयंपाकीणबाई भाकरी थापत होती. मी ताट वाढलं: भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. बाबा जेवत होते आणि चुलीकडे पाहत होते. बाभळीचा निखारा भडकत नाही, संथ जळतो, लाल होऊन बराच वेळ टिकतो. भाकरी टम्म फुगत होती. त्यांच्या घरात बाभळीचं खोड कधी जळलंच नव्हतं, त्यामुळे हे सगळं ते पहिल्यांदाच पाहत होते.

"आच चांगली धरते," ते म्हणाले.

"दोन सालं झाले, असं लाकूड नाई पायलं म्या," स्वयंपाकीणबाई म्हणाली. "धूर नाई, काई नाई. डोळे वाचले माहे."

बाबांनी घास चावून संपवला. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं. अकोल्याहून रिकाम्या हाताने परतलो त्या दिवसापासून ते मी पाहिलं नव्हतं.

"गावात इचारतात, तुह्यं बन कुठी गेलं," ते मला म्हणाले. "आता सांगतो त्यायले. माह्या पोरीनं खाल्लं."

मी हसले, आणि हसता हसताच मला हुंदका आला. बाबांनी ताट पुढे सरकवलं आणि आणखी एक भाकर मागितली.